जनेलच्या मापाचा शॉकअप

मित्रांनो, रीत अशी आहे की मी सुरुवातीलाच 'मी एक जुना शॉकअप आहे' म्हणून उसासा टाकायचा आणि तुम्ही 'अरेरे' म्हणायचं. ते आपल्याला जमणार नाही. जुना आहे, कबूल. नळीवर ओरखडे आहेत, स्प्रिंगचा लाल रंग निम्मा उडालाय, दांडा एकदा बदललाय. पण कुणी अरेरे म्हणालंच, तर माझ्याशी गाठ आहे.

स्नोमोबाइल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि वर हँडल धरून बसलेला माणूस. त्या पट्ट्याच्या पोटात माझी जागा. गाडी उडाली, आपटली, बर्फाखाली गाडलेल्या झाडावर चढली, की पहिला दणका मी खातो. पाठ वाचते स्वाराची आणि नाव होतं इंजिनाचं. चालायचंच.

मी कारखान्यातून गाडीबरोबर आलेलो नाही. मला वेगळा करवून घेतलाय, अंगाचं माप देऊन, शिंप्याकडून झगा शिवून घ्यावा तसा. माझा शिंपी म्हणजे टोलमनभाऊ. वायोमिंगमधल्या आमच्या स्टार व्हॅलीत चर्चमधल्या प्रत्येक बाप्याला भाऊच म्हणतात. त्यांच्या वर्कशॉपला अजून गाईगुरांचा वास येतो, कारण तो त्यांचा जुना गोठाच आहे. तिथे त्यांनी माझ्या दट्ट्यावर पातळ चकत्या एकावर एक रचल्या, तेल ओतलं, नायट्रोजन भरला आणि नेमकी स्प्रिंग चढवली. हे सगळं ज्याच्यासाठी करायचं, त्याचं वजन ठाऊक असल्याशिवाय सुरूच करता येत नाही. म्हणून टोलमनभाऊ गिऱ्हाइकाला आधी एकच प्रश्न विचारतात.

त्या दिवशी दोघं आली होती, जनेल हॉकन्सन आणि तिचा थोरला भाऊ केंडल. दोघांनाही नवे शॉकअप हवे होते, आणि त्यामागे कारण होतं. त्यांचे वडील व्हर्ल गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना गाड्यांवरून डोंगरात घेऊन जात. आता त्यांचे गुडघे गेले होते. त्या हिवाळ्यापासून ताफ्याच्या पुढे कुणीतरी दुसऱ्यानं राहायला हवं होतं.

पुढे राहणं म्हणजे काय, ते सांगतो. जो पुढे असतो, तो कोऱ्या बर्फात पहिला माग काढतो. कुठला उतार धरून आहे आणि कुठला अंगावर कोसळेल, हे तो ठरवतो. बाकी सगळे त्याच्या मागावरून चालतात. जनेल लहानपणापासून ताफ्याच्या शेवटी असायची. रुतलेल्यांना खणून काढायची, दोर बांधायची, हॉट चॉकलेटचे थर्मास वाहायची. पुढे केंडलच जाणार, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं मात्र धरलं नव्हतं.

"वजन?" टोलमनभाऊंनी विचारलं.

जनेल सरळ कोपऱ्यातल्या, वासरं तोलायच्या काट्यावर चढली. बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, फावडं, सगळ्यासकट. "आणि कपडे भिजल्यावर अजून थोडं धरा," ती म्हणाली.

"शाबास! तुझं रे, केंडल?"

"एकशे नव्वद पौंड," केंडल छाती काढून म्हणाला. पोट आत ओढायला मात्र विसरला.

टोलमनभाऊंनी त्याला खालून वर पाहिलं. "सामानासकट?"

"सगळ्यासकट."

"टोलमनभाऊ, एकशे नव्वद याचं शाळेत फुटबॉल खेळायचा तेव्हा होतं," जनेल म्हणाली. "उरलेलं त्याच्या बायकोनं रांधून घातलंय. ते धरायचं की नाही?"

"तू गप गं! चिमणीएवढी तू आणि मला वजन शिकवतेस?"

हा आजार आमच्या खोऱ्यात घरोघरी आहे. बाप्ये इथे शपथेवर खोटं बोलत नाहीत, चर्चला चालत नाही म्हणून कॉफीला शिवत नाहीत, रविवारी गाडीला हात लावत नाहीत. पण शॉकअप करायला आले की सगळ्यांना लग्नातलं वजन आठवतं! मग त्या हिशेबानं स्प्रिंग बसते, पहिल्याच उंचवट्यावर ती तळाला टेकते आणि शिव्या खातो शॉकअप. नाचता येईना, अंगण वाकडं. टोलमनभाऊंनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं आणि मग सांगितलं त्या वजनाचे शॉकअप केंडलला करून दिले.

जनेलच्या गाडीत मी गेलो. त्याआधी तिथे कारखान्याचे शॉकअप होते, कुण्या धिप्पाड माणसाच्या बेतानं बनवलेले. ते तिच्या वजनानं दबायचेच नाहीत. गाडी उंच नि ताठ उभी राहायची आणि जरा खाचखळगा आला की तिला उडवून द्यायची. सगळे म्हणायचे, बाईमाणसाला डोंगरातली गाडी झेपत नाही. पाहिलंत? पायतण दुसऱ्याच्या मापाचं द्यायचं आणि वर म्हणायचं, हिला चालता येत नाही! हे मी नंतर ऐकलं आणि माझ्या तेलाला उकळीच फुटली.

मोठं वादळ येऊन गेलं आणि लख्ख ऊन पडलं. व्हर्ल दोघांना घेऊन ताकवाटीपाशी आले. ताकवाटी हा आमच्या डोंगरातला उतार, खाली पसरट आणि वर उभा. हॉकन्सनांच्या घरात आजोबांपासूनची पद्धत आहे. वादळानंतर ताकवाटीत जो न रुतता वरच्या खिंडीपर्यंत पहिला माग काढील, तो पुढे. आधी व्हर्लनी उताराच्या कडेला बर्फ खणून त्याचे थर तपासले. उतार धरून आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी हात वर केला.

केंडल आधी निघाला. इंजिनाचा आवाज असा, की खिंडीला धडकी भरावी. निम्म्यावर उभा चढ लागला आणि त्याच्या गाडीनं बूडच टेकलं. मागचे शॉकअप त्याच्या खऱ्या वजनाखाली पार दबले, स्की हवेत गेल्या आणि पट्टा जागच्या जागी बर्फ उकरत बसला. बघता बघता गाडी अर्धी खड्ड्यात गेली.

"मी जाऊन काढू का त्याला?" जनेलनं विचारलं.

"उतारावर एका वेळी एकच," व्हर्ल म्हणाले. "त्याचं त्यानं खणायचं."

वॉकीटॉकीवर केंडल धापा टाकत ओरडला, "बर्फ फार मऊ आहे! आज कुणालाच जमायचं नाही!"

तो खणून, गाडी वळवून खाली येईपर्यंत ऊन बरंच वर आलं होतं. मग जनेल निघाली.

मित्रांनो, शॉकअप दबतो ते लोकांना दिसतं. पण खरी मेहनत परत उठण्यात असते. एका दणक्यातून सावकाश उठलात तर दुसरा दणका दबलेल्यावरच बसतो. आणि झटक्यात उठलात तर स्वार फेकला जातो. त्या दिवशी मी बरोब्बर उठत होतो. बर्फाखालचा ओंडका लागला, दबलो, उठलो. खाच आली, दबलो, उठलो. पण गाडी कुठे झुकवायची, गती कुठे सोडायची, केंडलचा खड्डा टाळून डावीकडून कसं जायचं, हे माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. ते तिचं होतं. मध्येच गाडी आडवी व्हायला लागली तेव्हा तिनं एका पायावर उभं राहून सगळं अंग डोंगराकडे टाकलं आणि गाडी सावरली. मग आम्ही खिंडीत होतो. ती वर उभी राहून मोठ्यानं ओरडली. शब्द वगैरे काही नव्हते, नुसता आनंद.

ती खाली आली तेव्हा केंडल गाडीला टेकून उभा होता.

"टोलमननं कमाल केलीय," तो म्हणाला. "असले शॉकअप असले तर आपली आजीसुद्धा चढेल. ही जनेल चढली नाही, डॅड. शॉकअप चढला."

व्हर्लनी दाढी खाजवली. "तसं पाहिलं तर..." ते म्हणाले आणि थांबले.

त्या अर्ध्या वाक्यानं जनेलचा चेहरा उतरला. वाघिणीसारखी वर जाऊन आली होती आणि बापाच्या तोंडून शाबासकीऐवजी हे! जन्मात माझं पहिल्यांदा कौतुक झालं आणि ते माझ्या घशाखाली उतरेना. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून कुणी मला भरवत असेल, तर नको मला तो घास!

तिनं किल्ली काढली आणि भावापुढे धरली. "शॉकअप चढला ना? मग बस की याच्यावर."

"बसतो! त्यात काय!"

तो बसला तेव्हाच माझी कंबर वाकली. खोटं कशाला सांगू, मी जीव तोडून काम केलं. पण मी चिमणीच्या मापाचा आणि वर बसलेला रेडा. तिचाच माग धरून तो निम्म्यावर आला आणि ओंडक्यावरून गाडी उडवली. खाली आपटताना त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. खाडकन आवाज झाला, दांडा वाकला, तेल बर्फावर सांडलं. गाडी तिथेच आडवी झाली.

संध्याकाळी मी टोलमनभाऊंच्या गोठ्यातल्या बाकावर पडलो होतो, वाकडा. केंडलचा तोंडाचा पट्टा चालूच होता. "मालच हलका आहे टोलमनचा! माझेही बसले, हिचेही मोडले!"

व्हर्ल कोपऱ्यातल्या काट्यापाशी गेले. जनेल चढली होती तोच, वासरं तोलायचा काटा. "चढ," ते म्हणाले.

"डॅड, मी काय वासरू आहे?"

"चढतोस की नाही? पिशवी घेऊन चढ."

केंडल चढला. काटा एकशे नव्वदला रामराम करून जो पुढे निघाला, तो थांबता थांबेना. केंडल खाली बघत राहिला.

"परवा पाहुणे येतील," व्हर्ल म्हणाले. "त्यांना विचारावं लागतं, याआधी गाडी चालवलीत का, दमा आहे का, भीती वाटते का. निम्मे खोटं सांगतात. ते खोटं पुढच्या माणसाला ओळखता यावं लागतं, नाहीतर एखादा जिवानिशी जातो. आणि तू तर स्वतःच्या स्प्रिंगशी खोटं बोललास." मग ते लेकीकडे वळले. "जनेल, पुढे तू."

मला वाटलं, आता ही उड्या मारणार. पण ती जागची हलली नाही.

"असं नको, डॅड," ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "भावाला काट्यावर चढवून मला जागा देऊ नका. तो पडला म्हणून मी पुढे, असं मला नको. मी वर गेले होते. तुम्ही बघत होतात. ते बोला."

व्हर्लनी डोक्यावरची टोपी काढली. जेवणाआधी प्रार्थनेला काढतात, तशी.

"तू चढलीस," ते म्हणाले. "मी पाहिलं. तिथेच बोलायला हवं होतं, पोरी. इतका सुंदर माग मलासुद्धा कधी काढता आला नव्हता."

तेव्हा ती रडली. केंडलनं आपला रुमाल पुढे केला. तो ग्रीसनं बरबटलेला होता, तरी तिनं घेतला.

टोलमनभाऊंनी मला नवा दांडा घातला. आता कितीतरी हिवाळे झाले, मी तिच्याच गाडीत आहे. केंडलनं खऱ्या वजनाचे शॉकअप करून घेतले आणि तो ताफ्याच्या शेवटी चालतो. अजूनही नवे पाहुणे आले की जनेलला ओलांडून थेट त्याच्याकडे जातात आणि विचारतात, "गाइड तुम्हीच ना?" तो बोट दाखवतो. "ती. तिच्या मागावरून एक हातसुद्धा बाहेर जाऊ नका."

तर मित्रांनो, शेवटी मी तुमच्याकडे दयेची भीक मागावी अशी अपेक्षा असेल. मागणार नाही. हक्कानं सांगतो. आम्हाला माणसाच्या खऱ्या मापानं बसवा, आणि हिवाळा संपला की उघडून साफ करा. आणि आमच्या आधारानं कुणी डोंगर चढलं, तर खाली उभं राहून 'शॉकअप चढला' म्हणू नका. कौतुक तिचं करा. मला तेल द्या.