एक चुकवलेली तपासणी

टीरा सहाव्या महिन्यातच जन्मली, जेमतेम सहाशे ग्रॅमची. तीन महिने योटेबोरी शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत काढून ती एकदाची बेटावरच्या घरी आली. त्या दिवशी तिच्या आईने, टोरुनने, दाराला आतून कडी घातली आणि पोटभर रडून घेतलं.

डोळ्यांची तपासणी मात्र सुटली नव्हती. दर गुरुवारी बोटीने शहरात जायचं. डॉक्टर इल्वा म्हणायच्या, "डोळ्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेला पसरत जातात, पोचतात ते पार नवव्या महिन्यात. हिच्या अर्ध्या वाटेत अडल्यात. आता त्या भलतीकडे फुटल्या, तर डोळ्याच्या आतला पडदा ओढून सोडवतील आणि नजर जाईल."

म्हणून दर वेळी पापण्या तारेच्या चिमट्याने फाकवायच्या. टीरा निळी पडेस्तोवर रडायची. एकदा तर तिचा श्वासच थांबला. नर्सने तळव्याला टिचक्या मारमारून तो परत आणला. टोरुनच्या डोळ्यांसमोरून ते हलेना.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी वारा सुटला होता. टीरा दूध पिऊन गाढ झोपली होती. टोरुनने इस्पितळात फोन लावला. "वादळामुळे बोट बंद आहे. पुढच्या गुरुवारी येते."

बोट चालू होती. तिचा नवरा एस्किल त्याच बोटीवर कामाला होता.

पुढच्या गुरुवारी तोही रजा काढून सोबत आला. डॉक्टर उजव्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिल्या.

"इथला पडदा सुटायला लागलाय. डाव्याला आजच लेझर करू. गेल्या आठवड्यात नेमकं वादळ आडवं आलं, नाही का?"

एस्किलने बायकोकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

डावा डोळा वाचला. उजव्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण तो गेला तो गेलाच.

घरी बटाटे सोलता सोलता एस्किलने सुरी खाली ठेवली. "त्या गुरुवारी मी पाच फेऱ्या मारल्या, टोरुन."

"माहीत आहे."

"मग?"

"एक दिवस तिला कुणी हात लावू नये असं वाटलं. एकच दिवस."

"मला सांगायचंस तरी!"

"तू 'चल' म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!" तो ओरडला आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी टोरुन एकटीच डॉक्टरांकडे गेली. "बोट बंद नव्हती. मी खोटं बोलले. आले असते, तर डोळा वाचला असता?"

डॉक्टर इल्वा म्हणाल्या, "कदाचित. नक्की कुणालाच सांगता यायचं नाही. पण 'नाही' म्हणून तुम्हाला मोकळं करणं मला जमणार नाही." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "तुम्हाला हे इतकं जड जातंय, हे मलाही कळायला हवं होतं."

त्यानंतर एस्किलने गुरुवारची सुट्टी मागून घेतली. तपासणीच्या वेळी टीराचं डोकं तो धरायचा. टोरुनशी मात्र कामापुरतंच बोलायचा.

ईस्टरच्या सुमाराला टीराने त्याची दाढी नेमकी पाहून पकडली. तो खदखदून हसला. टोरुन पोरीच्या उजव्या बाजूला बसली होती, तिला न दिसणाऱ्या बाजूला.  मग टोरुन उठली आणि डावीकडे जाऊन बसली. एस्किलने सरकून तिला जागा दिली.