कुंकवाखालचा गंज

मित्रांनो, कांदा चिरणारे माझे भाऊबंद तुमच्या घरात असतील. कोयता, विळा, खुरपं यांच्याशीही तुमची ओळख असेल. पण माणसाच्या पोटरीला बांधतात असा चाकू तुम्ही बहुधा पाहिला नसेल. मी तो आहे, पाणबुड्याचा चाकू. माझं पातं वीतभर लांब आहे. एका बाजूला साधी धार, दुसऱ्या बाजूला करवतीसारखे दाते, आणि मुठीजवळ दोरी अडकवून तोडण्यासाठी एक खाच. समुद्रापासून इतक्या दूर, जळकोटच्या एका घरात, असल्या चाकूला काय काम, असं तुम्हाला वाटेल. तिथं आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्या जन्माचं मला फार आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि त्यानंतर तेलात मारलेली बुडी. माझ्या अंगावर 'स्टेनलेस' असं कोरलेलं आहे, पण त्या शब्दावर फार विसंबू नका. तुमच्या घरातल्या वाटीचं स्टील सहसा गंजत नाही, पण त्याला धारही टिकत नाही. धार टिकावी म्हणून माझ्या पोलादात कार्बन जास्त घातला गेला आणि त्याबरोबर गंजाची भीतीही आली. मला रोज कुणीतरी पाहावं लागतं. हे माझं दुबळेपण मी लपवत नाही.

माझे मालक ईरण्णा. ऐन तारुण्यात ते जळकोटहून मुंबईच्या बंदरावर गेले आणि पाणबुडे झाले. जहाजाच्या पंख्यात दोरखंड गुंतला की तो कापायला आम्ही दोघे खाली उतरत असू. पुढं आईवडील थकले, तेव्हा ते गावी परतले. वाटलं, आता माझं काम संपलं. पण कुणाच्या विहिरीत मोटार पडली, कुठं तलावाच्या दरवाजात झाड अडकलं, कुठं मासेमारीचं जाळं दगडाला गुंतलं, की भूमपासून उमरग्यापर्यंत लोक ईरण्णांना शोधत येऊ लागले. बुडालेल्या माणसांना वर आणण्याचं कामही त्यांनी केलं. त्याविषयी ते घरी कधी बोलले नाहीत. मीही बोलणार नाही.

पाण्यातून वर आलं की स्वतःचं अंग पुसण्याआधी ते मला धूत. आमच्याकडं बोअरचं पाणी फार जड. ते अंगावर वाळलं की पांढरा थर धरतो. म्हणून ईरण्णा माझ्यासाठी पिण्याच्या जारमधलं पाणी घेत. शेजारच्या चन्नम्मा काकूंना ते मुळीच पटत नसे.

"काय ओ ईरण्णा, आमी बोअरचं पाणी पितो अन् तुमचा चाकू जारचं पितो व्हय?"

"पीत न्हाय काकू, नुसतं आंग धुतो."

"मग त्याला इचारून मलाबी एक तांब्या द्या की."

ईरण्णा खरंच तांब्या भरून देत आणि पुन्हा माझ्याकडं वळत. मुठीचा स्क्रू काढून आतली ओल टिपायची, दातांमधून जुना ब्रश फिरवायचा, सुती कापडानं कोरडं करायचं, वर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकदा त्यांच्या पत्नी, शिवकांताबाई, यांनी मायेनं मला करडईचं तेल चोळलं. दोन दिवसांत मी डिंकासारखा चिकट झालो आणि घरातली सगळी धूळ माझ्या अंगावर आली. ईरण्णा हसून म्हणाले, "अगं, ह्याला काय चटणीसंगं खायचाय?" म्यानात तर ते मला घरी कधीच ठेवत नसत. म्यान पाण्यात वापरायचं. घरी आल्यावर ते खुंटीला आणि मी फळीवर, वाऱ्याला.

वर्षातून एकच दिवस माझ्या अंगावर ओल राहू दिली जाई, तो खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांना काम नसतं. पाटावर पाना, हातोडी, खुरपी आणि हवेचा सिलिंडर मांडायचा. मधोमध मी. ईरण्णा अंगठा ओला करून माझ्या पात्यावर कुंकवाचं बोट उमटवत, नारळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडत. रात्रभर पूजा तशीच राही. दसऱ्याला पहाटे उठून ते पूजा उचलत आणि मला धुऊन कोरडं करत.

गेल्या वर्षी त्यांनी कुंकू लावलं. पूजा मात्र उचलली नाही. दसऱ्याच्या पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. उमरग्याला नेईपर्यंत ते गेले होते. संध्याकाळी शेतात त्यांच्या आजोबांच्या शेजारी त्यांना मूठमाती दिली. आयाबाया जमल्या, त्यांनी रीतीप्रमाणे शिवकांताबाईंच्या कपाळाला हात लावला. मी पाटावर होतो. मला ते दिसलं.

तिसऱ्या दिवशी पाट आवरायला घेतला तेव्हा शिवकांताबाईंनी मला उचललं आणि बराच वेळ पाहिलं. पात्यावर ईरण्णांचा अंगठा होता, रेषांसकट. त्यांनी मला तसंच म्यानात घातलं, लाल कापडात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिलं. मित्रांनो, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. जे जपायचं ते पेटीत ठेवायचं, हे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या.

म्यानात वारा नव्हता. नारळाचं पाणी, कुंकू आणि मी, असे तिघे तिथं कोंडलेले होतो. गंज चढतो तेव्हा आवाज होत नाही. थोडी खाज सुटल्यासारखं वाटतं, एवढंच.

ईरण्णांची एकुलती मुलगी शिवप्रिया उमरग्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. ती दर शनिवारी एसटीनं घरी येई. आईच्या गोळ्या मोजून ठेवी, दळण आणी, आणि मग पेटीशेजारी पुस्तक घेऊन बसे. पान उलटल्याचा आवाज मला क्वचितच येई. चाकू म्यानात ठेवायचा नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिनं पेटी उघडली नाही. मला वाटतं, काय दिसेल याची तिला भीती होती.

चैत्रात एका शनिवारी बसवेश आला. तीस-बत्तीस वर्षांचा हा गडी ईरण्णांच्याच हाताखाली पाण्यात उतरायला शिकलेला.

"काकू, चार दिवस झाले, आमच्या गावाला नळ न्हाय. विहिरीत मोटारीच्या पाइपाला जाळं गुंतलंय. माझा चाकू नायलॉनवरनं नुसता घसरतोय. अप्पांचा दिलात तर बरं हुईल."

"न्हाय दिला तर?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"विळा घेऊन उतरायचं. दुसरं काय."

"विळा?" शिवप्रिया म्हणाली. "खाली अंधारात हवेच्या नळीला लागला म्हणजे?"

"म्हणून तर आलोय, अक्का."

पेटीचं झाकण उघडलं. लाल कापड सुटलं. बसवेशनं सवयीनं मूठ धरून मला ओढलं. मी हललो नाही. त्यानं पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा म्यान गुडघ्यात धरून हिसडा दिला, तेव्हा करकरत बाहेर आलो.

बसवेशचा चेहरा उतरला. "काकू, पाण्यात असा अडकला असता तर..."

शिवप्रियानं मला उजेडात धरलं. अंगठा अजून होता. त्याच्या कडेनं चहाच्या रंगाचा डाग पसरला होता आणि कुंकवाखाली पोलादाला बारीक भोकं पडायला लागली होती.

"अव्वा," ती म्हणाली, "हे आता..." इतकी पुस्तकं वाचलेली ती, पण कुंकवापुढं येणारं ते क्रियापद आईसमोर उच्चारायला तिची जीभ वळेना.

बसवेश सरळ माणूस. तो म्हणाला, "पुसायचं अन् घासायचं, अर्ध्या तासाचं काम हाय."

"पुसायचं न्हाय," शिवकांताबाई म्हणाल्या.

"काकू, पर..."

"माझं पुसलं तुमी समद्यांनी. ह्येचं ऱ्हाऊ द्या."

बसवेशनं म्यान खाली ठेवलं. बाहेर चन्नम्मा काकू भांडी घासत होत्या, त्यांचाही हात थांबला असावा.

शिवप्रिया आईजवळ बसली. तो अंगठा तिलाही हवा होता. बापाचे कपडे धुतले गेले होते, चष्मा कुणीतरी उचलून ठेवला तो सापडत नव्हता. पण कुंकू तसंच ठेवलं तर चाकू जाणार आणि चाकू गेला की अंगठाही जाणार, हे तिला माझ्या पात्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं विचारलं,

"अव्वा, खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी अप्पा काय करायचे?"

"पूजा उचलायचे. उठल्या उठल्या. चहाच्या आधी."

"आणि गेल्या खेपेला?"

शिवकांताबाई माझ्याकडं पाहत हळूच म्हणाल्या, "गेल्या खेपेला उचलायचीच ऱ्हायली."

"सहा महिने मांडलेलीच आहे ती."

"म्हंजे हा गडी अजून सुट्टीवरच हाय म्हण की."

बसवेशला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. शिवकांताबाई उठल्या. त्यांनी तोच पाट आणून मला त्यावर ठेवलं, फुलाची एक पाकळी वाहिली, पाण्याचा शिंतोडा दिला आणि मला जागचं किंचित हलवलं. "उचलली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. नंतर तो फिरवला.

त्यांनी तारेची घासणी उचलली, तेव्हा शिवप्रियानं हात धरला. "तारेचे कण पात्यात रुततात, अव्वा. मग तेच गंजतात." तिनं भिजवलेली चिंच घेतली, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि पात्याच्या लांबीनं, आडवं न जाता, घासत राहिली. तपकिरी पाणी वाहिलं. मग खायच्या सोड्याचं पाणी, त्यावर जारचं पाणी, कापड, वारा आणि शेवटी तेल. म्यानही आतून ब्रशनं धुऊन वाळवलं. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागले. डाग गेला. जिथं अंगठा होता तिथं सुईच्या टोकाएवढे तीन खड्डे उरले. रेषा नाहीत, बोट नाही. नुसते खड्डे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसवेशच्या पोटरीला होतो. पाणी हिरवं आणि गार होतं. हात पुढं केला तर बोटं दिसत नव्हती. त्यानं चाचपत मूठ धरली आणि मी एका ओढीत बाहेर आलो. जाळ्याचे फास एकेक करून माझ्या दातांखाली तुटत गेले. मध्येच एक फास त्याच्या घोट्यात अडकला. त्याचा श्वास भरभर चालू लागल्याचं मला कळलं. त्यानं वाकून मला टेकवलं, मी तो फास कापला, आणि आम्ही वर आलो. काठावर शिवप्रिया आणि शिवकांताबाई उभ्या होत्या. तासाभरानं गावात नळ आला.

त्या दिवसापासून मी बसवेशकडं आहे. पहिल्या दिवशी काठावरच त्यानं मला धुतलं आणि शर्टाला दोनदा घासून परत द्यायला हात पुढं केला. शिवकांताबाईंनी मला घेतलं, तिरकं धरून पाहिलं आणि त्याच्याच हातात दिलं.

"तुझ्याकडंच ठीव. पर हितं बघ, ह्या खड्ड्यांत पाणी थांबतंय," त्या म्हणाल्या. "हितं नीट पुस."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या गेलेल्या माणसाची वस्तू असेल. कात्री असेल, पाना असेल, घड्याळ असेल. ती प्रेमानं गुंडाळून, कुलूप लावून ठेवली असेल. रागावू नका, पण या रविवारी ती बाहेर काढा. कोरड्या कापडानं पुसा, तेलाचा थेंब द्या, उजेडात धरून खाचाखोचा पाहा. आणि ती ज्या कामासाठी झाली, त्या कामाचं कुणी दारात आलं, तर ती त्याच्या हातात देऊन बघा.