मिरजोळ्याचे चालते मणी

मिरजोळ्याच्या देवळासमोर सकाळीच झुंबड उडाली होती. आजारी बैलाच्या कानातून मणी निघतात आणि निघाल्यावर चालू लागतात म्हटल्यावर घरात थांबतो कोण!

नांगरणी तोंडावर आणि महिपतचा बैल अंग टाकून पडलेला. म्हणून त्याने डोंगरीबुवाला आणलं होतं. बुवाने शेंदूर माखलेला हात बैलाच्या कानात घातला. "ओम फट् फटाफट! नीघ भवाने!" असं ओरडत त्याने चार टपोरे शेंदरी मणी परातीत टाकले. मण्यांना पाय फुटले! परातीच्या एका कडेकडे ते सरकू लागले.

"करणी! जिने केली तिच्याकडेच चाललेत!" बुवा कडाडला.

त्या कडेला, देवळाच्या सावलीत, बुवाने गोदूबाईला बसवलं होतं. ही विधवा एका गाईच्या दुधावर पोट भरायची.

"हाकला हिला गावाभायेर!" महिपतचा भाऊ भागोजी गरजला.

"अरे, माजी गायपन तशीच पडलीय रे!" गोदूबाई रडत म्हणाली. "मी कशाला करनी करू?"

मुलींच्या शाळेतल्या आनंदीबाई मास्तरीण पुढे झाल्या. "बुवा, गोदूबाईच्या जागी तुम्ही बसा बघू."

"मंत्राला जागा बदललेली चालत नाही!"

"मणी तर चालतात ना?"

लोक फिदीफिदी हसले. महिपतनेच खांदे दाबून बुवाला सावलीत बसवलं. बाईंनी मणी परातीच्या मधोमध ठेवले. मणी सरळ बुवाकडे निघाले!

"आयला, करनी बुवाचीच!" कोणीतरी ओरडलं.

"कुणाचीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी समईतल्या तेलाने एक मणी पुसला. शेंदूर गेला आणि पाय हलवणारी करडी गोचीड उरली. "हिला ऊन सोसत नाही, म्हणून सावलीकडे पळते. महिपत, हिच्या पोटात तुझ्या बैलाचं रक्त आहे. या रक्त पितात आणि वर तापही देतात."

जन्मभर गोचिडी उपटलेल्या महिपतने कपाळावर हात मारला. गर्दी मागे वळेपर्यंत बुवा दक्षिणेचा कोंबडाही न घेता पसार झाला होता.

बाईंच्या सांगण्यावरून गोचिडी वेचल्या, जनावरांना करंजेल चोळलं, गोठे साफ केले. महिपतचा बैल उठला. गोदूबाईची गाय मात्र गेली. मंत्रतंत्राच्या नादात तिच्या उपचाराला उशीर झाला होता.

महिपत आणि भागोजी खाली मान घालून गोदूबाईच्या अंगणात आले. त्यांनी आपली दुभती गाय तिच्या दारात बांधली.

गोदूबाईने डोळे पुसले. "गाय ठेवते. पन यापुढं जनावर पडलं तर माज्या दाराकडं बघू नका. त्याच्या अंगाकडं बघा."