मेंदीचा ठिपका

उभं राहायचं म्हटलं की छोटी युसरा कंबर धरून रडायची. ताप उतरायचा, परत चढायचा. एमआरआयमध्ये कमरेच्या हाडात डाग दिसले, आणि 'कॅन्सर तर नसेल?' हा प्रश्न तिच्या आईला, अदीबाला, झोपू देईना. सकाळी भूल देऊन हाडाचा तुकडा काढायचं ठरलं होतं.

"घरात मांजर आहे?" दाखल करतानाच डॉक्टर तनुजांनी विचारलं होतं.

"नाय मॅडम, आम्ही नाय पाळत," युसराचा बाप मजीद बोलून गेला होता. पडेगावात त्याचं गाद्या-रजयांचं दुकान. मागच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात दरसाल कुठली तरी मांजर वितेच, उंदीरही कमी होतात. त्याला पाळणं कोण म्हणणार?

संध्याकाळी तनुजा मॅडम पुन्हा आल्या. युसराचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय गं, मेंदीचा एकच ठिपका? आईनं कंजूषपणा केला वाटतं!"

"दादीनं लावली."

अदीबा ओशाळली. "ओरखडा होता मॅडम. त्यावरची पुळी जाईना, म्हणून सासूबाई, आमच्या अम्मी, दर जुम्म्याला मेंदी थापतात. थंड पडतं म्हणे. माझं डोकं दुखलं तरी मेंदीच!"

"ओरखडा कशाचा?"

"मलाईचा," युसरा म्हणाली. "कापसातलं पिल्लू."

अदीबाचा हात तोंडावर गेला.

मॅडमनी काखेत खोल चाचपलं. बारीक गाठ लागली. "सकाळचं थांबवू. आधी रक्त तपासायला पाठवते. पिल्लाच्या नखातून एक जंतू येतो, क्वचित हाडात जाऊन बसतो. तोच असेल, तर नुसत्या औषधानं जाईल."

रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतःच वॉर्डात आल्या, जवळपास धावतच. "सापडला! कॅन्सर नाय, काही नाय. तोच आहे!"

अदीबा रडली, तशीच हसली, आणि युसराचा तो ठिपका तिनं मुक्यांनी भिजवून टाकला.

औषधं संपली तोवर युसराची कंबर विसरूनच गेली होती काय दुखत होतं ते. अम्मी मात्र अख्ख्या गल्लीला सांगत होत्या, "डॉक्टरनी को मेरी मेंदीच बताई!"

"व्हय अम्मी," अदीबा म्हणाली, "ओरखडा झाकून पण तिनंच ठेवला होता."

एवढ्यात मागच्या खोलीत धप्पकन आवाज झाला. युसरानं पेटीवरून कापसात उडी ठोकली होती.

"अगे, माल है वो!" मजीद ओरडला.

"ओरडू नका," अदीबा म्हणाली. "परत मार गं उडी, बघू दे मला."