आरशातली शाळा

सरकारी प्राथमिक शाळेचं फाटक आणि त्याचं सलून यांच्यामध्ये एक अरुंद रस्ता, बस्स. शाळेची घंटा झाली की त्याच्या कात्रीचा ठेका चुकायचा, इतकं ते जवळ. एवढी उशाशी शाळा असताना लेकीला कुठे घालायचं हा प्रश्न पडायलाच नको होता. पण पडला, आणि असा काही पडला की जेवताना, भांडी विसळताना, दाराला कडी लावताना घरात दुसरा विषयच राहिला नाही.

लेकीला घरात सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती सुरू व्हायची आणि झोपेतही अधूनमधून खरखर करायची. पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की रेडिओ ठप्प. शेजारीण 'नाव काय गं तुझं' म्हणाली की ही आईच्या पाठीमागे. बालवाडीच्या बाईंनी तर तिचा आवाजच कधी ऐकला नव्हता. 'मुलगी गोड आहे हो,' एवढंच त्या दरवेळी सांगायच्या. दुसऱ्यांच्या मुलांविषयी बाई तक्रार करायच्या. आपल्या मुलीची निदान तक्रार तरी यावी, असं तिच्या बापाला वाटायचं.

बालवाडी सुटली की ती सलूनच्या बाकावर येऊन बसायची. गिऱ्हाईक आलं, गेलं, कोणी गाल ओढला, तरी तोंडातून अक्षर नाही. कान मात्र टवकारलेले. आणि घरी आल्यावर ताटावर बसली की दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं तिच्या तोंडून बोलायची. ड्रायव्हरकाका कसे खोकून मग बोलतात, बापाचं 'मान जरा खाली, साहेब' कसं असतं, सगळं जसंच्या तसं. नवरा-बायको हसून हसून बेजार व्हायचे आणि मग एकमेकांकडे बघायचे. हे बाहेर कोणाला कधी दिसणार, हा विचार दोघांच्याही मनात एकदमच यायचा.

तेव्हा प्रश्न कोणती शाळा चांगली हा नव्हता. कोणत्या शाळेत ही तोंड उघडेल, हा होता.

बागेपलीकडे एक खाजगी शाळा होती. ती दोघं जाऊन बघून आली. स्वच्छ, शांत, वर्गात मोजकी मुलं. तिथल्या बाईंनी रेडिओला नाव विचारलं. रेडिओने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. 'असू दे, असू दे,' बाई म्हणाल्या, 'आमच्याकडे अशी मुलं येतात. हळूहळू खुलतील.' बाई खरंच भल्या होत्या, त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त शाळा लांब, आणि रोजचा प्रवास बसचा.

"बसमध्ये हिला मळमळायला लागलं तर ही सांगणार कोणाला?" बायको म्हणाली.

"आणि समोरच्या शाळेत त्या गोंधळात हिला कोणी ढकललं तर सांगणार कोणाला?" तो म्हणाला.

अशी ही गाडी रोज तिथेच येऊन अडायची.

मग त्याने आपल्या पद्धतीने चौकशी चालवली. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला विचारायचं. "मला तर बागेपलीकडची बरी वाटते. तुमचं काय मत?" असं म्हणून तो मानेवर वस्तरा टेकवायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बरोबर आहे तुमचं." एकानेही वेगळं मत दिलं नाही. त्याने मोठ्या समाधानाने हे बायकोला सांगितलं.

बायको हसत सुटली. "अरे, तुझ्या हातात वस्तरा असताना तुला नाही कोण म्हणेल?"

ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. कोणी काही म्हणालं की नमुना कुठून घेतला, कधी घेतला, हे आधी विचारायची तिला सवय. नवऱ्याच्या मतालाही तिने तेच लावलं. "समोरच्या शाळेविषयी तुझं एवढं वाईट मत झालं कशावरून?"

"रोज बघतो ना मी. शाळा सुटली की पोरं कशी फुटलेल्या पोत्यासारखी बाहेर सांडतात."

"म्हणजे तू शाळा बघितलीस ती सुटताना. भरपेट जेवून आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं आणि साखर वाढली म्हणून ओरडायचं, त्यातलं झालं हे."

यावर तो ताटातला भात नुसताच चिवडत राहिला. भात चिवडतोय म्हणजे काहीतरी आहे, हे तिने ओळखलं. इतकी वर्षं संसार करून एवढंही कळू नये, तर मग काय उपयोग! तिने ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसली. मग ते बाहेर आलं.

"एक मुलगी आहे," तो म्हणाला. "दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. शाळा सुटली की सगळी पोरं पळतात आणि ती फाटकाजवळच्या पायऱ्यांवर बसून राहते. एकटी. रोज. आणि ती बोलत असते."

"कोणाशी?"

"कोणाशीच नाही. स्वतःशीच. हातवारे करते, तोंड वाकडंतिकडं करते, हसते सुद्धा. मी आरशात बघतो. आणि मला आपली दिसते तिथे." एवढं बोलून तो उठला आणि उगाचच नळ घट्ट बंद करून आला.

बायकोचा चेहरा उतरला. शाळा सुटायच्या वेळी ती लॅबमध्ये असायची, तिने हे कधी बघितलं नव्हतं. तिची आतापर्यंतची सगळी हुशारी त्या एका मुलीपुढे थंडावली. बराच वेळ ती टेबलावरचा डाग बोटाने घासत राहिली. "ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "उद्या मी लवकर निघते. बागेपलीकडे जाऊन हो म्हणून येऊ."

तो मान हलवून वळला, तेवढ्यात तिने विचारलं, "ती पोरगी रोज एकटी बसते आणि तू रोज नुसता आरशात बघतोस? रस्ता ओलांडून तिला कधी विचारलंस, की बाई गं, काय झालं?"

हे त्याला लागलं. खरंच नव्हतं विचारलं. शाळा सुटायची वेळ म्हणजे सलूनमधल्या गर्दीची वेळ, पाठ फिरवायला सवड नसते, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते बायकोला काय सांगणार! एका लहान पोरीचं एकटेपण त्याने गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून बघितलं होतं आणि त्यावरून स्वतःच्या लेकीचं भविष्य ठरवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा खुर्चीत ड्रायव्हरकाका होते. हयातभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, आता त्याला कशाचीच घाई नव्हती. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता. वस्तरा पुसता पुसता उस्तादाने आरशात बघितलं. आरशाखालच्या फळीवर तेलाच्या, शाम्पूच्या, पाणी फवारायच्या बाटल्यांची रांग, रांगेच्या वर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे सर्वांत वरच्या पायरीवर ती. आजही तोंड चालूच.

"काका, जरा बसा. आलोच मी."

"आता? असा?" ड्रायव्हरकाकांनी फेसातून विचारलं.

पण त्याने वस्तरा ठेवला होता, बाकावरच्या रेडिओचा हात धरला होता. कानावर कंगवा तसाच खोचलेला, खांद्यावर टॉवेल. दोघं रस्ता ओलांडून गेली, आणि पायऱ्यांपाशी पोचताच तो थबकला.

खालच्या पायऱ्या पोरांनी भरलेल्या होत्या. ज्यांचे आईबाप कामावरून उशिरा येतात ती सगळी चिल्लीपिल्ली तिथे दाटीवाटीने बसली होती. फाटकाच्या आत एक बाई खुर्ची टाकून वह्या तपासत होत्या, एक डोळा पायऱ्यांवर ठेवून. आणि वरच्या पायरीवरून ती दोन वेण्यांची मुलगी घोगरा आवाज काढून म्हणत होती, "उस्ताद! मला वाघासारख्या मिशा पाहिजेत!" मग लगेच नम्र, बारीक आवाजात, "साहेब, आधी वाघाला विचारून येतो." पोरं खिदळत होती.

त्याने हळूच मागे वळून बघितलं. इथून त्याचं सलून उघड्या पेटीसारखं दिसत होतं. दिवे, खुर्ची, खुर्चीतले ड्रायव्हरकाका, सगळं लख्ख. आवाज तेवढा येत नव्हता. तो आवाज ही मुलगी भरत होती. आणि खालच्या पायऱ्या त्याला कधीच दिसल्या नव्हत्या, कारण त्यांच्या आड त्याच्या स्वतःच्या तेलाच्या बाटल्या होत्या.

"काका, तुम्ही इकडे कसे?" मुलगी वैतागून म्हणाली. "आमचा कार्यक्रम बंद पडला ना!"

"तू... तू एकटी बसतेस ना इथे रोज?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"एकटी?" तिने खालच्या गर्दीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. याला चष्मा लागलाय की काय, असा तिचा चेहरा झाला.

त्याला हसू यायला लागलं. इतके दिवस ज्या पोरीची त्याने कीव केली, ती त्याच्याच जिवावर आख्ख्या पायऱ्यांची करमणूक करत होती. रेडिओने त्याच्या विजारीला घट्ट मिठी मारली होती, पण तिचे डोळे वरच्या पायरीवर खिळलेले. खालच्या पायरीवरची एक शेंबडी मुलगी काही न विचारता सरकली आणि शेजारी जागा झाली. कोणी नाव विचारलं नाही. कोणी गाल ओढला नाही.

"उस्ताद!" पलीकडून ड्रायव्हरकाका ओरडले. "फेस वाळला हो!"

"जा ना काका, लवकर जा," मुलगी म्हणाली. "त्यांची दाढी अर्धी राहिलीय."

"बसतेस इथे?" त्याने रेडिओला विचारलं. मिठी सुटली, आणि ती त्या रिकाम्या जागेवर अंग चोरून बसली. तो वळून वळून बघत परत आला.

त्याने काकांच्या गालावर नवा फेस लावला. हात चालत होता, जीव आरशात. दोन वेण्या दिसत होत्या, तोंड चालू होतं. आता तिच्या तोंडून ड्रायव्हरकाका काय म्हणत असतील, कोण जाणे. आपली बसली असेल खाली मान घालून. घाई केली का आपण? इतक्या पोरांत तिला एकटं टाकून आलो, आणि बायको येऊन बघेल तेव्हा काय म्हणेल?

मग आरशातलं ते तोंड अचानक थांबलं. मुलगी खाली बघायला लागली. खाली कुठेतरी, बाटल्यांच्या आड. तिने भुवया उंचावल्या, काहीतरी विचारलं, आणि पुन्हा ऐकत राहिली. रोज न थांबता बोलणारी पोरगी आता गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती.

तेवढ्यात आरशात बायको दिसली. बागेपलीकडे जायचं म्हणून चांगले कपडे घालून आलेली. ती पायऱ्यांशी थबकली, तिने तोंडावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून सलूनच्या दारात आली.

वस्तरा काकांच्या गळ्याखाली होता, त्याला वळता येईना. "काय झालं? कोण बोलतंय तिथे?" त्याने आरशातूनच विचारलं.

ती पुढे आली आणि फळीवरच्या बाटल्या एकेक करून उचलायला लागली. तेल उचललं, शाम्पू उचलला, फवारणीची बाटली उचलली. आरसा खालून मोकळा होत गेला.

सर्वांत खालच्या पायरीसमोर एक छोटी मुलगी रस्त्याकडे पाठ करून उभी होती. माणसांची डोकी मागून ओळखण्यात त्याची हयात गेली होती, आणि ही वेणी तर सकाळी त्यानेच घातली होती. ती वेणी जोरजोरात उडत होती. मध्येच थांबायची, कोणीतरी खोकल्यासारखी, आणि पुन्हा उडायची. समोर पायऱ्यांवर पोरं पोट धरून हसत होती.

"मी येत होते तेव्हा ती मुलगी काकांची नक्कल करत होती," बायको म्हणाली. तिचा आवाज धड निघत नव्हता. "तर आपली उठून म्हणाली, 'चूक. काका आधी खोकतात, मग बोलतात. आणि माझे बाबा असं बोलतच नाहीत, मी दाखवते.' सगळ्यांसमोर म्हणाली रे. मोठ्याने."

तो आरशाकडे बघत राहिला. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

"बागेपलीकडच्या बाईंना मी सांगते कळवून," ती म्हणाली. "भल्या आहेत, समजून घेतील."

ड्रायव्हरकाकांनी मान अजिबात न हलवता, ओठ जेमतेम उघडून, आधी एकदा जपून खोकून घेतलं.

"उस्ताद," ते म्हणाले, "रडायचं असेल तर खुशाल रडा. फक्त वस्तरा तेवढा आधी खाली ठेवा."