सिमच्या प्रेताला हात लावायची पाळी

सिमचा देह नदीतून काढून चर्चच्या अंगणात फळीवर निजवला, तेव्हाच ग्रिझेलनं मनात मारेकरी म्हणून आपल्या भावाचं नाव पक्कं केलं. सिम पलीकडच्या काठावरचा, वैऱ्याच्या घरातला. कुठल्या उतारानं नदी ओलांडून तो आपल्याला भेटायला येतो, हे तिनं एकट्या आर्चीला सांगितलं होतं. सख्खा भाऊ म्हणून विश्वासानं सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी सिम पाठीत भाला खाऊन पाण्यात पडला होता.

स्कॉटलंडच्या सीमेवरच्या त्या खोऱ्यात खुनाचा निवाडा एकाच रीतीनं होई. पुरण्याआधी प्रत्येकानं प्रेताला हात लावायचा. मारेकऱ्याचा हात लागला की मेलेल्याचं रक्त वाहतं! यावर शंका घेणारा त्या डोंगरांत अजून जन्मायचा होता. ग्रिझेलचाही त्यावर पुरता विश्वास होता, म्हणून तर ती आर्चीच्या पाळीची वाट पाहत होती.

"डोळे का गं सुजलेत? झोपली नाहीस?" आर्चीनं विचारलं.

"तुला लागली झोप?"

"मला काय धाड भरलीय!" तो हसला.

ते हसणंही तिला खोटं वाटलं. आणि या आर्ची मेल्यानं नखं कशाला इतकी घासून धुतलीत?

आर्ची पुढे झाला. त्यानं सिमच्या छातीवर जेमतेम दोन बोटं टेकवली, तापल्या तव्याला लावावीत तशी.

"पंजा लाव की नीट!" ग्रिझेल ओरडली.

"लावला ना! डोळे फुटले का तुझे?"

पाद्रीबाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं पंजा दाबला. रक्ताचा थेंबही नाही. ग्रिझेलनं वाकून पाहिलं. म्हणजे यानं नाही मारलं?

मग तिची पाळी आली. नुसता हात लावणं तिला जमलंच नाही. तिनं सिमचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, तोंड आपल्याकडे वळवलं, आणि त्याच्या नाकातून काळपट धार तिच्या झग्यावर आली. बुडालेल्याचं डोकं हलवलं की असं होतं, पण तिथं हे सांगणार कोण? पुढे गाणी रचणाऱ्यांनी त्या धारेची नदी केली.

"हिनंच!" सिमची आई किंचाळली. "सटवे, माझं लेकरू खाल्लंस!"

"आर्ची, तू घरचा कर्ता," पाद्रीबाबा म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

तो खरा एक शब्द बोलला असता तर ती सुटली असती आणि तो फासावर चढला असता.

"मी काय बोलणार, बाबा? साऱ्यांनी पाहिलंच की."

जमावातल्या दोघांनी ग्रिझेलचे दंड धरले. ती झग्यावरच्या डागाकडे बघत राहिली.

"मीच वाट सांगितली," ती म्हणाली. "मीच मारलं त्याला."

आर्चीकडे तिनं पाहिलंही नाही. त्याच्यावरचा संशय तिच्या मनातून पार गेला होता.