दोन गल्ल्यांची अट

वकील येणार म्हणून मी सकाळीच न्हाव्याला बोलावून अप्पांची दाढी करवली, धुतलेला सदरा घातला आणि पाठीशी दोन लोड देऊन त्यांना बसतं केलं. बसलेला माणूस आडव्या माणसापेक्षा शहाणा दिसतो, असं मला उगीच वाटत होतं. जलोदरानं त्यांचं पोट ताणलं होतं, पाय सुजून चकचकीत झाले होते आणि चार शब्द बोलले की धाप लागे. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, लिहायचं ते आता लिहून घ्या.

आम्ही कासार. मधल्या मारुतीजवळचं बांगड्यांचं दुकान आणि त्याच्यामागचं राहतं घर अप्पांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं, म्हणून ते हवं त्याला लिहून द्यायची त्यांना मोकळीक होती. मृत्युपत्र झालं नसतं तर सगळं माझ्या धाकट्या भावाचं, श्रीमंतचं, झालं असतं. करमाळ्याला माझं लग्न झालं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि अप्पा मला परत घेऊन आले. तेव्हापासून घराची मागची खोली, वाचनालयातली पुस्तकं आणि अप्पांबरोबरची फेरी, एवढंच माझं जग.

दुकान श्रीमंत बघे. अप्पा मात्र बाळीवेशीतल्या दोन गल्ल्यांत घरोघर जाऊन बांगड्या भरत. तिथली बहुतेक घरं लिंगायत व्यापाऱ्यांची. त्यांच्या बायका बाजारात बसून परक्यापुढे हात करत नसत. आजोबांनी आपल्या मुलांना गल्ल्या वाटून दिल्या तेव्हा या दोन अप्पांच्या वाट्याला आल्या, आणि एकाच्या गल्लीत दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही ही आमच्यातली रीत. अप्पांचे हात कापायला लागल्यापासून तिथं बांगड्या मीच भरत होते. ते ओसरीवर बसून इकडचं तिकडचं बोलत, आणि बायका नंतर सांगत की अप्पांनी भरल्या. ते नसताना त्या माझ्यापुढे हात करतील का, हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडून हिरवा चुडा भरून घ्यायचा म्हणजे कुणाच्याही मनात पाल चुकचुकणारच.

वकील आले. साक्षीला डॉक्टर होते आणि त्या दोन गल्ल्यांपैकी पहिल्या गल्लीतले तंबाखूचे व्यापारी शंकरप्पा. श्रीमंत भिंतीला टेकून बसला होता.

"दुकान श्रीमंतला," अप्पा म्हणाले. "घरबी त्यालाच. पण मागची खोली कस्तुराला. ती हाय तवर तिला तिथनं कुणी उठवायचं न्हाय."

वकिलांनी लिहून घेतलं.

"आणि बाळीवेशीतल्या दोन गल्ल्या कस्तुराला."

टाक थांबला. "गल्ल्या? तिथं तुमची घरं आहेत का?"

"घरं त्यांची. हात माझे."

"कुणाचे हात?"

"बायकांचे."

वकिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी अप्पांकडे पाहिलं. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेला श्रीमंत पुढे सरकला आणि कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "अप्पा, आणखी कुठल्या गल्ल्या हायत आपल्या? सगळ्या सांगून टाका की."

त्याला काय हवं होतं ते माझ्या ध्यानात आलं. अप्पा जितकं जास्त बोलतील तितके ते भ्रमिष्ट ठरणार होते.

"सिद्धेश्वराचं तळं राहिलं," श्रीमंत म्हणाला. "ते कुणाला?"

"तळं तू घे," अप्पा म्हणाले. "पवता येत न्हाय तुला, पण घे."

शंकरप्पा मोठ्यानं हसले. वकील हसले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला.

"हे पाहा," ते म्हणाले, "मृत्युपत्र करणारा पूर्ण शुद्धीवर आहे अशी माझी खात्री व्हावी लागते. म्युनिसिपालिटीचा रस्ता मुलीला दिला असं मी लिहिलं, तर कोर्टात हा कागद हसण्यावारी जाईल. त्याच्याबरोबर ती खोलीही जाईल."

मी अप्पांच्या कानाशी वाकले. "अप्पा, राहू द्या. खोली पुरे मला."

"खोलीत बसून खाशील काय? पुस्तकं?"

"साहेब, ते खुळ्यावानी बोलत न्हाईत," शंकरप्पा म्हणाले. "आमच्याकडं यांच्या बापापासनं दुसरा कासार पाय ठेवत न्हाय. तसंच चालतंय की."

"असेल. पण उद्या तुमच्या घरच्या बायकांनी दुसऱ्याकडून बांगड्या भरल्या, तर हा कागद त्यांना अडवेल का?"

शंकरप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "बायकांचं मी काय सांगू? मलाच घरात कोण इचारतंय?"

अप्पांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. डॉक्टर उठून नाडी बघू लागले आणि वकील कागद गोळा करायला लागले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबा, खोलीपुरतं तरी लिहा, सही घ्या. श्रीमंत दाराकडे बघत होता, पाहुण्यांना पोचवायला उठायचं कधी, असा.

"बायकांना अडवता येत न्हाय," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "पोराला येतं का?"

"म्हणजे?"

"दुकान माझं हाय. श्रीमंतला देतोय. पण त्या दोन गल्ल्यांतल्या एकाबी हातात त्यानं बांगडी भरायची न्हाय. तिथं जाऊन न्हाय, दुकानात बसून न्हाय. भरली तर दुकान कस्तुराचं. असं लिवता येतं?"

वकिलांनी गोळा केलेले कागद पुन्हा पुढ्यात पसरले. मग त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. "अट घालून देता येतं. अट स्पष्ट हवी, ती आहे."

श्रीमंत उभा राहिला. "अप्पा, मी काय चोर हाय?"

"न्हाय. व्यापारी हायस. मीबी हाय."

सही करताना अप्पांच्या हातात टाक ठरत नव्हता. शंकरप्पांनी कागदाखालची पाटी धरली. नावातलं शेवटचं अक्षर उतरेपर्यंत मी कागदाकडे पाहिलंच नाही, त्यांची छाती खालीवर होतेय का तेवढंच बघत राहिले.

ज्येष्ठ सरता सरता अप्पा गेले.

मी वाचलेल्या कादंबऱ्यांत मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात आणि मग घर हादरतं. आमच्याकडे उघडायचं काही नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणून घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. श्रीमंतची बायको रंभा तेवढी अधूनमधून विचारी, "वन्सं, गल्ल्या तुमच्या झाल्या म्हणं. मग झाडायला कधी जाणार?" अप्पांच्या आठवणीनं मला रडू येत नव्हतं. फक्त रस्त्यानं चालताना मी अजूनही हळू चालत होते, त्यांना धाप लागू नये म्हणून चालायचे तशी.

श्रावण लागला. नागपंचमी तोंडावर आली की प्रत्येक घरात बांगड्या भरल्या जातात. या वेळी बाळीवेशीनं हात दिले तर पुढे देणार होती, आणि नाही दिले तर मग कधीच नाही. बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन मी पहिल्यांदाच एकटी निघाले, आणि पहिलं घर शंकरप्पांचं धरलं. त्यांच्या थोरल्या मुलाचं वैशाखात लग्न झालं होतं. सून दाक्षायणी अक्कलकोटची. पहिल्या पंचमीला तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

"बा, बा कस्तुरा, कूडू," शंकरप्पांच्या बायकोनं, गौरम्मांनी, कानडीत ये-बस म्हणत मला पाट दिला. अप्पांचं नाव काढून डोळ्यांना पदर लावला. मग स्वतःचा हात पुढे केला. मी त्यांच्या जुन्या बांगड्या उतरवून नव्या भरल्या. आतल्या दारात दाक्षायणी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं.

गौरम्मा घाईनं म्हणाल्या, "तिला दुकानाकडं पाठवते गं. श्रीमंत काय परका न्हाय. बरोबर मोलकरीण देते. राग मानू नको. माझं काय, मी म्हातारी. पोरीची पहिली पंचमी हाय."

"राग नाही, अव्वा."

अट त्यांना ठाऊक नव्हती. शंकरप्पा साक्षीला होते, पण दुसऱ्याच्या मृत्युपत्रातलं घरी बोलणाऱ्यांपैकी ते नव्हते. मीही बोलले नाही. श्रीमंतनं त्या मुलीचा हात भरला असता तर कायद्यानं दुकान माझं झालं असतं, हे पाटावरून उठताना माझ्या डोक्यात आलं, आणि त्यानं मला आनंद झाला नाही. दुकानाची गादी घेऊन भावाशी कोर्टात उभी राहिलेली मी, आणि या गल्लीतली बंद दारं. अप्पांनी मला ते द्यायचं योजलं नव्हतं.

दाक्षायणी मोलकरणीबरोबर बाहेर पडली तेव्हा समोरच्या ओसरीवरच्या बायकांनी ते पाहिलं. मी त्या ओसरीशी गेले तर, "मुली निजल्यात, मागनं ये," म्हणाल्या. दुपारची वेळ, आतून मुलींच्या सागरगोट्यांचा आवाज येत होता. त्याच्या पुढच्या घरात सासूबाई देवाला गेल्या होत्या. त्याच्या पुढच्या घरात विचारायचं माझ्याच्यानं होईना. खांद्यावरची माळ जड लागायला लागली. गल्लीच्या मध्यावर उभी राहून मी परत फिरावं की पुढे जावं, याचा विचार करत होते.

"अक्का! ए अक्का!"

गल्लीच्या तोंडाशी श्रीमंत उभा होता. धोतराचा सोगा हातात, घामानं निथळलेला, मागे दाक्षायणी आणि मोलकरीण. म्युनिसिपालिटीचा दिव्याचा खांब होता, त्याच्या अलीकडे तो यायला तयार नव्हता.

"ही तुझी हाय!" तो तिथूनच ओरडला. "घेऊन जा हिला!"

"आत ये की रं," कुणीतरी ओसरीवरून म्हणालं. "रस्त्यात बोंब कशाला मारतोस?"

"न्हाय बाबा! हितनं आत माझं काम न्हाय. आणि सगळ्यांनी बघून घ्या, मी हिच्या बोटालाबी हात लावलेला न्हाय! घरचं नाव इचारलं आणि तशीच आणून सोडली!"

बायका हसत बाहेर आल्या. गौरम्माही आल्या, त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे काय नवीन गं बाई?"

"अप्पांनी लिहून ठेवलंय, अव्वा," श्रीमंत म्हणाला. "ह्या दोन गल्ल्यांतल्या कुणाचाबी हात मी भरला तर दुकान जातंय माझं. तुमच्या मालकांची साक्ष हाय त्याच्यावर."

"माझ्या सुनेच्या हाताचं वकिलानं लिवलंय?"

"लिवलंय की! पंचमीच्या दिवसात मला भिकेला लावू नका."

एवढं बोलून तो खरोखरच पळाला. गौरम्मांनी सुनेकडे बघितलं, मावळतीकडे कललेल्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाजारात परक्यापुढे सुनेला बसवता येत नव्हतं, आणि सकाळी भाऊ आला की सून लग्नातल्या उरल्यासुरल्या बांगड्यांवर माहेरी जाणार, हेही त्यांना मानवणारं नव्हतं.

"बस," त्या मला म्हणाल्या. पाट या वेळी त्यांनी ओसरीवरच टाकला.

सगळी गल्ली बघायला जमली. मघाशी निजलेल्या मुलीही आल्या. दाक्षायणी माझ्यासमोर बसली आणि तिनं डावा हात दिला. हात लहान, पण अंगठ्याच्या मुळाशी हाड रुंद. मी तेलाचं बोट लावून हात चेपू लागले. पहिल्या तीन बांगड्या सरळ गेल्या. चौथीला मी घाई केली, आणि बांगडी हाडावर चढता चढता कट्‌ करून वाढली. तिच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब आला.

गौरम्मांचा हात तोंडावर गेला. मागे कुणीतरी श्वास ओढून घेतला. मी तुकडे उचलायला खाली वाकले, कारण वर बघायची मला हिंमत होत नव्हती.

दाक्षायणीनं मनगट पदराला पुसलं आणि बोटं पुन्हा माझ्यापुढे पसरली.

"दुसरी घाला की," ती म्हणाली. "उजवा हात राहिलाय अजून, आणि मला माहेरी न्यायची लुगडी बांधायची हायत."

मी माळेतून एक बांगडी सोडवली.